झोतानंतरची नजर

अड्याळहून पवनीकडे रात्रीं बंडी नेणाऱ्या शेतकऱ्यांस हा अनुभव आहेच: समोरून मोटार येते, दिव्याचा झोत डोळ्यांवर पडतो, आणि मोटार निघून गेल्यावरहि रस्त्याची कड दिसत नाहीं. अशाच अंधारींत आम्ही एकदां धुऱ्यावरून बांधींत पडलों. म्हणून याचें कारण येथें देतों.

डोळ्याच्या आंतील पडद्यांत दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूसारख्या पेशी उजेडांत व रंग पाहण्यास, दांड्यासारख्या पेशी अंधारांत उपयोगी पडतात. दांड्यासारख्या पेशींत तांबूस-जांभळें द्रव्य असतें. तें प्रकाशानें विटतें, असें जर्मन शास्त्रज्ञ फ्रान्झ बोल यांनीं १८७६ सालीं दाखविलें. मोटारीच्या क्षणिक झोतानें तें थोडेंच विटतें, म्हणून नजर लवकर कामापुरती परतते. प्रखर उजेडांत बराच वेळ राहिल्यास मात्र शंकूसारख्या पेशी सुमारें १० मिनिटांत सांवरतात, व दांड्यासारख्या पेशींस ३० मिनिटें किंवा अधिकहि लागतात. उतारवयांत हा अवधि वाढतो.

हें द्रव्य 'अ' जीवनसत्त्वापासून बनतें. म्हणून शेवग्याचा पाला, इतर पालेभाज्या, पपई व दूध आहारांत असावें. रोज सायंकाळीं दिसेनासें होत असल्यास तें रातांधळेपण समजून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

झोत येतांच दिव्याकडे न पाहतां रस्त्याच्या डाव्या कडेकडे पाहावें, व नजर परतेपर्यंत बैल थांबवावे. धानाची राखण घटकाभर उशिरां झाली तरी चालेल. धुऱ्यावरील साप न दिसल्यास चालणार नाहीं.