बायबल ‘खरं ठरलं’ त्या आठवड्यात

फेब्रुवारी १९६१. केंब्रिजच्या रेडिओ वेधशाळेला पैसा पुरवणाऱ्या मलार्ड कंपनीनं लंडनमध्ये पत्रकारांना बोलावलं होतं. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांना सपत्नीक आमंत्रण होतं. बाईंना पहिल्या रांगेत बसवलं, हॉइलना थेट मंचावर. पडदा सरकला, तर समोर मार्टिन राइल. हॉइल यांचे जुने प्रतिस्पर्धी! राइल यांनी आपली नवी मोजणी मांडली, तिच्यानं हॉइल यांचा सिद्धांत कोलमडतो असं सांगितलं आणि मग हॉइलना विचारण्यात आलं, आपलं यावर काय म्हणणं आहे? पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि पाटावर बसल्यावर त्याच्यावरच खटला भरावा, तशातली गत.

संध्याकाळच्या वर्तमानपत्रांना खगोलशास्त्राशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी मथळा दिला तो बायबल खरं ठरल्याचा.

या मोजणीत बायबल कुठून आलं, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. हर्मन बाँडी, टॉमस गोल्ड आणि हॉइल यांनी १९४८ मध्ये मांडलं होतं, की विश्वाला आरंभ नाही नि शेवटही नाही. दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य निर्माण होत राहतं. फार नाही, एका घनमीटरात अब्ज वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू. त्यामुळे विश्व कधीही पाहा, सारखंच दिसेल. हा स्थिर स्थिती सिद्धांत. दुसरा पक्ष म्हणत होता, सगळं एका क्षणी सुरू झालं. त्या पक्षाला ‘बिग बँग’ हे नाव १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना दिलं, तेही हॉइल यांनीच. हॉइल उघड नास्तिक होते. त्यामुळे लोकांनी सरळ वाटणी करून टाकली: आरंभ मानणारे देवाकडचे, न मानणारे देवाविरुद्ध.

आता भांडण मिटवायचं कसं? राइल आकाशातले रेडिओ स्रोत मोजत होते. मंद स्रोत म्हणजे बहुतांशी दूरचा, आणि दूरचा म्हणजे जुन्या काळातला, कारण त्याच्या लहरी आपल्यापर्यंत यायलाच अब्जावधी वर्षं लागलेली असतात. विश्व सर्वकाळ सारखं असेल, तर मंद स्रोतांकडे जाताना त्यांची संख्या एका ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त वाढता कामा नये. राइलना ती जास्त आढळली. म्हणजे पूर्वीचं विश्व वेगळं होतं. हाच दावा त्यांनी १९५५ मध्येही केला होता. तेव्हा सिडनीच्या शास्त्रज्ञांची मोजणी जुळली नाही आणि राइल यांचे आकडे फुगलेले निघाले. या वेळी आकडे सुधारलेले होते, फरक कमी होता, पण होता.

१० फेब्रुवारीला हीच मोजणी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत मांडली जाणार होती. उत्तर द्यायला हवं, पण हॉइल यांचं त्या दिवशी दुसरीकडे व्याख्यान ठरलेलं. त्यांनी आपल्या विद्यार्थ्याला सांगितलं, तूच जा. विद्यार्थी बावीस वर्षांचा, संशोधनाला लागून वर्षही झालेलं नव्हतं. कोल्हापुरात जन्मलेला, बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात वाढलेला, गणिताच्या प्राध्यापकांचा मुलगा: जयंत विष्णु नारळीकर.

गुरुशिष्यांनी तोडगा काढला तो असा. दीर्घिका विश्वात सारख्या पसरलेल्या नाहीत. त्यांचे प्रचंड पुंजके आहेत आणि मध्ये कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या पोकळ्या. शिवाय दीर्घिका जितकी वयस्क, तितकी ती रेडिओ स्रोत होण्याची शक्यता अधिक. तेव्हा आपल्या जवळपास स्रोत कमी पडले असतील, तर दूरचे उगाच जास्त भासतील. संगणकावर अशी कृत्रिम विश्वं रचून त्यांनी आकडे तपासले. नारळीकर सभेत उभे राहिले, गणित मांडलं, प्रश्नांना उत्तरं दिली. श्रोत्यांना पटलं असं नाही. एवढे मोठे पुंजके असतात हेच तेव्हा बहुतेकांना मान्य नव्हतं. (ते असतात हे पुढे मान्य झालं. त्यानं सिद्धांत मात्र वाचला नाही.)

मला या प्रकरणात सगळ्यांत आवडतो तो माणूस त्या सभागृहात नव्हताच. जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. आदिअणूच्या स्फोटातून विश्व निघालं ही कल्पना १९३१ मधली, त्यांचीच. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात सांगून टाकलं, की विज्ञानानं सृष्टीच्या निर्मितीची साक्ष दिली. लमेत्रना आनंद व्हायला हवा होता. ते अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, आस्तिकानं मानावा नाहीतर नास्तिकानं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आपला विरोध व्हॅटिकनपर्यंत पोचवला आणि पुढच्या वर्षी रोममध्ये जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांसमोर पोपनी तो दावा पुन्हा केला नाही.

आमच्याकडे असा लमेत्र भेटला नाही. ग्वाल्हेरात, पाटणकर बाजारात सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला मराठी मंडळी जमली, की कुणीतरी म्हणणारच, अहो, हे आपल्याकडे आधीच सांगून ठेवलंय. विश्व अनादि-अनंत म्हटलं तर वेदान्त आहे, स्फोटातून निघालं म्हटलं तर हिरण्यगर्भ आहे. निकाल कुठलाही लागो, आपण जिंकलेलेच! तिथून दिसणाऱ्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिर आहे, इसवी सन ८७६ चा शिलालेख असलेलं. शिलालेखात देवाच्या बागेचं माप १८७ बाय २७० हात, रोज ५० हार. आज आपण लिहितो तसं शून्य त्यात कोरलेलं आहे. लिहिणाऱ्यानं देवाचं काम म्हणून हिशेब नीट लिहिला, एवढंच. त्या शून्यावरून विष्णूचं अस्तित्व सिद्ध होतं असा दावा त्यात नाही.

विश्वाच्या भांडणाचा निकाल १९६५ मध्ये लागला. अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनात एक खरखर सापडली, जी कुठल्याही दिशेला वळवलं तरी जाईना. कबुतरांची विष्ठासुद्धा साफ करून पाहिली. ती निघाली साऱ्या आकाशातून येणाऱ्या प्रारणाची, निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे तीन अंशांची. तप्त आरंभाचा हा अवशेष. लमेत्रना ही बातमी १९६६ मध्ये मृत्यूच्या थोडेच दिवस आधी कळली. बहुतेकांनी स्थिर स्थितीचा नाद सोडला. नारळीकरांनी सोडला नाही; हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये त्यांनी सुधारलेला सिद्धांत मांडला. हे मला हट्टाचं वाटतं, पण त्या हट्टात देवाला विरोध नव्हता. उलट तेच हॉइल पुढे कार्बनच्या अणुगर्भातली एक ऊर्जापातळी नेमकी हवी तिथेच कशी, या कोड्यापाशी येऊन कुणा महाबुद्धीनं भौतिकशास्त्रात हात घातल्यासारखं वाटतं, असं लिहून गेले.

नारळीकर त्या वाटेनं गेले नाहीत. देव आहे की नाही हे दुर्बिणीला विचारण्यात त्यांना रस नव्हता, पण श्रद्धेनं मोजता येईल असा दावा केला, की ते मोजायला बसत. २००८ मध्ये पुण्यात त्यांनी नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांच्यासह दोनशे कुंडल्या जमवल्या: शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना आवाहन केलं, प्रत्येकाला चाळीस दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं, तरी पन्नासच्या आसपास आली असती.