पागोळीचं गाणं: एका रविवारचा दिनक्रम

पहाटे ५.३०
डोंबिवलीत रविवारीसुद्धा सातनंतर शांतता मिळत नाही. कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाल्याची हाक, खालच्या स्कूटर सगळं माईकमध्ये शिरतं. म्हणून आवाजाची तपासणी मी पहाटेच उरकते. माझा स्टुडिओ म्हणजे दहा बाय दहाची खोली. भिंतींना फोम लावलाय, माईकच्या समोरच्या बाजूला आईची जुनी गोधडी टांगली आहे. लहान मुलांच्या आवाजाला धार असते, गोधडीमुळे ती मऊ होते.

आज बहिणीची मुलं येणार आहेत, भाची बारा वर्षांची आणि भाचा आठचा. पावसावरचं गाणं दोघांनी मिळून केलंय. शब्द आणि चाल बरीचशी तिची. ठेका त्याचा, तो त्याने शाळेच्या डब्यावर बोटांनी वाजवत शोधला.

सकाळी ८.००
उपमा खाऊन, कोमट पाणी पिऊन दोघं बसतात. दहा मिनिटं आकार, मग सोपे पलटे. ताईला, म्हणजे भाचीला, काळी पाच सोयीची आहे, पण तिथे वरच्या गंधारावर धाकट्याचा गळा ताणला जातो, मानेची शीर दिसते. मी पट्टी काळी चारवर आणते. ढोलकी, गिटार, बासरीचा ट्रॅक पुन्हा बसवण्यात माझा अर्धा तास जातो. लहान गळ्यासाठी तेवढा वेळ द्यायलाच हवा.

सकाळी ९.००
पहिला टेक. ध्रुवपद छान जातं, कडव्यात अडतं. भाचा ‘पागोली’ म्हणतो.

“पागोळी, बाळा. जीभ मागे वळव.”

“मावशी, पण पागोळी म्हणजे काय?”

शब्द ताईने आजीकडून उचललेला, धाकट्याने कधी पाहिलेला नाही. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला पागोळ्या कुठून येणार? ताई हेडफोन काढते आणि त्याचा हात धरते. “चल, दाखवते.” मीही मागोमाग जाते. खाली वॉचमनच्या केबिनवर पत्रा आहे. त्याच्या कडेवरून पाणी एका ओळीत ठिबकतंय. भाचा तळहात पुढे धरतो. थेंब पत्र्याच्या टोकाशी फुगतो, लोंबतो आणि मग सुटतो. तो बराच वेळ नुसता बघत राहतो.

सकाळी ९.४०
ओल्या बाहीनेच दुसरा टेक. आता ‘ळ’ नीट लागतो. शिवाय त्या शब्दानंतर तो आपणहून किंचित थांबतो, थेंब सुटायला लागतो तेवढंच. असं थांबायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हाच टेक ठेवायचा, मी वहीत खूण करते.

सकाळी १०.३०
सुट्टी. दोघं पत्ते खेळतात. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर बालकलाकारांसाठी नियम आले: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि मिळकतीतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. आमचं काम घरचं आहे, तरी मी याहूनही कमी वेळ घेते. आठ वर्षांच्या मुलाचा जीव गाण्यात दोन तास रमतो, त्यानंतर नुसता घसा काम करतो.

दुपारी १२.००
शेवटचं कडवं राहिलंय, पण भाच्याचा आवाज जड झालाय. माईक बंद, राहिलेलं पुढच्या रविवारी. वरण-भात जेवून दोघं झोपतात.

दुपारी २.३०
मी संकलनाला बसते. सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर हाताशी आहे, ते जपून वापरते. दोन ओळींमधले श्वास कापत नाही. मूल गातंय हे ऐकणाऱ्या मुलाला त्या श्वासांवरूनच कळतं.

कामाआधी एकदा ‘सांग सांग भोलानाथ’ ऐकते. शब्द मंगेश पाडगावकरांचे, संगीत मीना खडीकरांचं. गायली त्यांचीच मुलं, योगेश आणि रचना, आणि सोबत शमा खळे. नंदीबैलाला विचारलेले ते प्रश्न मोठ्या माणसाच्या गळ्यात खोटे वाटले असते. भावंडं एकमेकांच्या श्वासावर वाढलेली असतात. एक कुठे थांबणार हे दुसऱ्याला आधीच ठाऊक असतं. अशी जोडी कितीही तालमींनी घडवता येत नाही.

संध्याकाळी ५.३०
खरी परीक्षा जिन्याखाली. इमारतीतली पाच-सहा पोरं जमतात. मी कच्चं गाणं मोबाइलवर लावते. पहिल्यांदा कुणी काही बोलत नाही. दुसऱ्यांदा एक चिमुरडी पायरीवर ठेका धरते. तिसऱ्यांदा ‘पागोळी’च्या थांब्यावर सगळी थांबतात आणि हसतात. भाचा ताईकडे बघतो, ताई मान डोलावते.

रात्री ९.००
दिवसाची नोंद: एक ध्रुवपद, दोन कडवी, एक नवा शब्द.

लहान मुलांना मोठ्यांच्या प्रेमगीतांवर मुरका मारायला लावून टाळ्या मिळवणं मला पटत नाही. त्यांच्यापाशी त्यांचा पाऊस आहे, त्यांचा डबा आहे, त्यांची भांडणं आहेत. तुमच्या घरात दोन भावंडं असतील तर त्यांना एक दुपार मोकळी द्या, एक रिकामा डबा द्या, आणि आजीच्या तोंडचा एखादा जुना शब्द द्या. तो शब्द मात्र आधी त्यांना डोळ्यांनी दाखवा.