भुकेची ओळख

दुःख माणसाला कडवट करते; कधी कधी मात्र तेच दुसऱ्याच्या वेदनेची ओळख पटवते. पंडिता रमाबाईंचे आयुष्य याची साक्ष आहे. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. पदरी तान्ही मनोरमा होती.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी तेथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांचे आश्रयगृह त्यांनी पाहिले. ही करुणा येते कोठून, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातील, विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखवण्यात आली. ती त्यांच्या मनात कायमची रुजली.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई तिथे धावल्या. उपासमार त्यांना ऐकून ठाऊक नव्हती, ती भोगलेली होती. तेथून आणलेल्या मुलींना पुण्याजवळच्या केडगावी ‘मुक्ती’त घर मिळाले. साध्या बायकांनाही वाचता यावे म्हणून त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणले. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, तरी १९२२ च्या एप्रिलमध्ये डोळे मिटेपर्यंत हे काम सुटले नाही.

‘मलाच का?’ याचे उत्तर श्रद्धेलाही नेहमी सापडत नाही. पण आपल्या जखमेची फुंकर दुसऱ्याच्या जखमेवर घालायला ती शिकवू शकते.