रेनकोटच्या आतला पाऊस

भर पावसात सायकलने शाळेत पोचलात, रेनकोट काढलात, तरी सदरा ओलाच! रेनकोट फाटला की काय? बहुधा नाही. ते पाणी तुमच्याच घामाचे असते.

हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून मनगटाशी सैलसर बांधा. दहा मिनिटांत आतून दव धरलेले दिसेल. पाणी आत न येऊ देणारे प्लॅस्टिक घामाची वाफही बाहेर जाऊ देत नाही. पावसाने गार झालेल्या रेनकोटला आतून ती लागली, की तिचे थेंब होतात. पेडल मारताना घामही जास्त. काही रेनकोटांना काखेत भोके ठेवतात ती उगीच नव्हेत! तसा सैल रेनकोट निवडा.

आत जाड सुती कपडा नको. सूत पाणी धरून ठेवते. त्यातल्या १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ती बरीचशी तुमच्या अंगातूनच जाते आणि हुडहुडी भरते. पॉलिएस्टर पाणी फारसे शोषत नाही, लवकर वाळते. सुती गणवेश पिशवीत गुंडाळून न्यावा हे उत्तम.

रंग पिवळाधमक घ्या. अंधुक उजेडात ट्रकवाल्याला तुम्ही दिसायला हवे. पायघोळ रेनकोट मात्र सायकलवर नकोच. त्याचे टोक साखळीत अडकले, की चालत्या सायकलवरून थेट रस्त्यावर!