प्रदूषणविषयक बालवाङ्मयातील विनोदाचे कार्य : ‘द लोरॅक्स’च्या संदर्भात

बालवाङ्मयात पर्यावरणाचा विषय आला की त्यास बहुधा उपदेशाचे रूप प्राप्त होते. ‘डॉ. स्यूस’ या टोपणनावाने लिहिणारे अमेरिकन लेखक-चित्रकार थिओडोर गायझेल (१९०४–१९९१) यांचे ‘द लोरॅक्स’ (१९७१) हे पद्यमय चित्रपुस्तक यास अपवाद आहे. त्यातील विनोद कोणते कार्य करतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वन्सलर हा उद्योजक ट्रुफुला झाडे तोडून त्यांच्या रेशमी गोंड्यांपासून ‘थ्नीड’ विणतो. ही वस्तू कशासाठीही वापरता येते. अर्थात तिची खरी गरज कोणालाच नसते. तरीही खप वाढतो. धुरामुळे हंसांना गाता येईनासे होते, कारखान्याच्या घाणीने माशांचे कल्ले चिकटतात. शेवटचे झाड पडताच कारखानाही बंद पडतो.

येथे विनोदाचा रोख एकट्या उद्योजकावर नाही. निरुपयोगी थ्नीड विकत घेणारे ग्राहकही हास्यास्पद ठरतात. झाडांच्या वतीने भांडणारा मिशाळ लोरॅक्ससुद्धा तिरसट व हुकूमत गाजवणारा रंगविला आहे. त्यामुळे सत्पक्षाचे प्रवचन होत नाही. वन्सलरचे केवळ हिरवे हात दिसतात, चेहरा कधीच दिसत नाही. परिणामी ‘दोषी तो दुसराच’ असे म्हणून बालवाचकास मोकळे होता येत नाही.

हा विनोद निरुपद्रवी मानला गेला नाही. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील लेटनव्हिल या लाकूडव्यवसायावर अवलंबून असलेल्या गावी हे पुस्तक दुसरीच्या अनिवार्य वाचनातून वगळण्याची मागणी झाली. शाळा मंडळाने ती मान्य केली नाही.

एक बदल मात्र लेखकाने स्वतः स्वीकारला. पुस्तकात ईरी सरोवराच्या दुरवस्थेचा उल्लेख होता. अमेरिका व कॅनडा यांच्यातील १९७२ च्या करारानंतर सरोवरात जाणारे फॉस्फरस घटले व पाणी सुधारले. ओहायोतील अभ्यासकांनी ही बाब निदर्शनास आणल्यावर १९८० च्या दशकात तो उल्लेख गाळण्यात आला. परंतु ऑगस्ट २०१४ मध्ये त्याच सरोवरातील विषारी शैवालामुळे टोलेडो परिसरातील सुमारे ५ लाख लोकांना नळाचे पाणी न पिण्याची सूचना द्यावी लागली. या वेळी फॉस्फरसचा मुख्य स्रोत कारखाना नव्हता. असंख्य शेतांतून वाहून येणारी खते हा होता.

गाळलेली ओळ अशा रीतीने पुन्हा खरी ठरली आणि तिच्यामागचा प्रदूषकही वन्सलरप्रमाणे बिनचेहऱ्याचा निघाला. एका खलनायकाकडे बोट दाखविणारी बोधकथा अशा प्रदूषणाचे आकलन घडवू शकत नाही. हसता हसता वाचकालाही हिशेबात धरणारा विनोद ते घडवू शकतो.