पैलवानी खुराकाचा हिशेब

गेल्या जून महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. वडील यंत्रमागावर कामाला. मुलगा रोज सायंकाळी आखाड्यात जाणारा. हातात एक थोरला डबा होता. त्यावर फुगलेल्या दंडांच्या कोणा परदेशी मल्लाचे चित्र. "सर, हे महिनाभर घेतले तर अंग भरेल ना?" असे त्याने विचारले. डब्याला वडिलांची दहा दिवसांची मजुरी गेली होती. त्या वेळी मी त्याला जे सांगितले तेच आज जरा विस्ताराने सांगतो.

जोर-बैठका काढताना किंवा वजन उचलताना स्नायूंच्या तंतूंवर ताण पडतो. त्या ताणाचा इशारा मिळाला की पुढे दिवसभर, किंबहुना त्याहूनही अधिक काळ, शरीर त्या जागी नवी प्रथिने जोडीत राहते. बुऱ्हाणपूरकरांना हे मागाच्या भाषेत सांगणे सोपे. व्यायामाने ताणा चढविला, परंतु बाण्याचे सूतच आले नाही, तर कापड निघणार कोठून? हे सूत म्हणजे अन्नातील प्रथिने. आणि हे विणकाम मुख्यतः विश्रांतीत व झोपेत चालते. रात्रपाळी करून सकाळी पुन्हा आखाड्यात उतरणाऱ्याने ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

सूत किती लागते? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली सामान्य प्रौढासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने ठरविली आहेत. शरीर कमावणाऱ्याने हे प्रमाण सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत न्यावे. त्यापलीकडे लाभ फारसा वाढत नाही. म्हणजे साठ किलोच्या तरुणाला रोज सुमारे ९५ ग्रॅम.

आता आपला परंपरागत खुराक पाहा. कोल्हापूरच्या तालमींतील घोटलेली थंडाई आणि दूधकट्ट्यावरचे धारोष्ण दूध यांची कीर्ती आपण सर्वांनी ऐकली आहे. यातले दूध खरेच मोलाचे. परंतु तुपात प्रथिने मुळीच नाहीत, ते केवळ इंधन. दहा बदामांत प्रथिने जेमतेम अडीच ग्रॅम. तीस ग्रॅम फुटाण्यांत, म्हणजे मूठभरात, सुमारे सहा! बदामाला मान मिळाला तो त्याच्या भावामुळे, असे मला कधीकधी वाटते.

माझ्या विद्यार्थ्याला मी वहीच्या पानावर हिशेब करून दिला. सकाळी पेलाभर दूध आणि पन्नास ग्रॅम फुटाणे: अठरा ग्रॅम. दुपारी दीडशे ग्रॅम पिठाच्या पोळ्या, पन्नास ग्रॅम डाळीचे वरण आणि वाटीभर दही: बत्तीस. व्यायामानंतर दोन अंडी, मूठभर शेंगदाणे व दोन केळी: एकवीस. रात्री तितक्याच पिठाची ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि पुन्हा पेलाभर दूध: चौतीस. बेरीज शंभराच्या पुढे गेली, आणि डबा अजून उघडलेलाही नव्हता. अंडी न खाणाऱ्याने तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भाजीत घालाव्यात; त्यांत पंधरा ग्रॅम प्रथिने मिळतात. धान्यात लायसिन नावाचा घटक कमी असतो. तो डाळींत भरपूर असतो. म्हणून भाकरी आणि उसळ यांची जोडी आपल्या आज्यांनी जमविली ती शास्त्राला धरूनच होती. मात्र सारी प्रथिने रात्रीच्या एका जेवणात कोंबण्यापेक्षा ती तीन-चार वेळांत विभागून घेणे बरे.

आपला जिल्हा केळीचा. केळ्यात प्रथिने नाममात्र, जेमतेम एक ग्रॅम. पण त्यातील साखर व पिष्ट व्यायामाला शक्ती पुरवितात. तसे इंधन नसेल तर शरीर प्रथिनेच जाळू लागते. केळे हे सूत नव्हे, माग चालविणारी वीज होय. आणि मावा जिलेबी? माव्यात दुधाची प्रथिने आहेत हे खरे. परंतु ती ज्या पाकातून पोहून येतात त्याचाही हिशेब मांडावा लागेल.

डब्यातील भुकटी विष नव्हे. दूध फाडल्यावर जी निवळी उरते तिच्यातील प्रथिने वाळवून ती बनते. ज्याला दूध-डाळ वेळेवर मिळत नाही त्याला ती सोयीची. पण जे घरच्या दुधात आहे त्यासाठी घराने कर्ज काढू नये. शरीर फुगविणारी इंजेक्शने व गोळ्या मात्र सर्वथैव वर्ज्य. त्यांनी हृदय व यकृत बिघडते, आणि वाढत्या वयातील मुलाची उंची खुंटू शकते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने प्रथिने वाढविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

उपवासाविषयी मला नेहमी विचारतात. रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्या तरुणाने इफ्तार आणि सहरी या दोन्ही वेळी डाळ, अंडी, दूध घ्यावे व व्यायाम इफ्तारनंतर करावा. आमच्याकडे उपवासकाळात मांस वर्ज्य करतात. तेव्हा डाळीवर निभावते. एकादशीला साबुदाण्याऐवजी दूध-दाणे अधिक घ्यावेत, कारण साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्टच.

राहिली महिन्याची गोष्ट. नवशिक्याच्या अंगावर महिन्याकाठी फार तर एखादा किलो स्नायू चढतो. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलोच्या गटात लढून सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलोच्या गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. मध्ये चार वर्षे गेली. हे ऐकून माझा विद्यार्थी थोडा हिरमुसला, मग त्याने विचारले, "सर, फुटाणे सालासकट खायचे की साल काढून?" सालासकट, असे मी सांगितले.