गाभ्याची वळकटी

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात गिंडीचे राष्ट्रीय उद्यान आहे. भोवती दाट वस्ती असूनही तेथे चितळ आणि काळवीट मोकळेपणी हिंडतात. या वनाला लागूनच मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा परिसर पसरलेला आहे. ही संस्था १९५९ साली स्थापन झाली. तिच्या संगणकशास्त्र विभागात प्राध्यापक व्ही. कामकोटी यांच्या मार्गदर्शनाखाली ‘शक्ती’ नावाचे प्रोसेसरांचे एक कुल सिद्ध करण्यात आले. ‘रिस्क-फाइव्ह’ नावाच्या, सर्वांना खुल्या असलेल्या आज्ञासंचावर ते आधारलेले आहे. या कुलातील ‘रिसक्रीक’ ही चिप अमेरिकेतील इंटेल कंपनीच्या कारखान्यात घडविण्यात आली आणि २०१८ साली तिच्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली चालू झाली.

नव्या प्रोसेसरवर कार्यप्रणाली चालू होणे ही एक कसोटीच असते. वीज सुरू होते तेव्हा यंत्राची कार्यस्मृती रिकामी असते. तिच्यात कार्यप्रणाली आणून ठेवावी लागते, तीही एकही अक्षर न चुकता. ती कोणत्या रूपात आणावी हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचे उत्तर चुकले तर उत्तम चिपही मुकीच राहते.

गाभा आणि त्याची प्रतिमा

कार्यप्रणालीचा जो भाग स्मृती, प्रोसेसरचा वेळ आणि जोडलेली उपकरणे यांची व्यवस्था पाहतो, त्यास इंग्रजीत ‘कर्नेल’ म्हणतात. लष्करातील कर्नलाशी या शब्दाचा काही संबंध नाही. फळाच्या कवचाआड जसा गर असतो तसा हा कार्यप्रणालीचा गर, म्हणजेच गाभा होय. लिनक्सच्या गाभ्याचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे. त्यामुळे एखाद्या विशिष्ट यंत्रासाठी हवे ते भाग ठेवून आणि नको ते गाळून कोणालाही स्वतःचा गाभा बांधता येतो. बांधणी पुरी झाली की तो एका फाइलीत उतरतो. तिला गाभ्याची प्रतिमा म्हणतात.

ही प्रतिमा बरीच मोठी असते. पूर्वी प्रवासाला निघालेला मनुष्य अंथरूण पसरलेल्या स्थितीत नेत नसे. त्याची घट्ट वळकटी बांधी. वळकटीत अंथरुणाचा एक धागाही कमी होत नाही, मात्र निजण्यापूर्वी ती सोडावीच लागते. गाभ्याची प्रतिमाही अशीच आवळून ठेवतात आणि चालविण्यापूर्वी सोडतात.

आवळण्याची युक्ती

काही न गमावता लेखन लहान कसे करता येते? आरत्यांची किंवा पदांची छापील पुस्तके ज्यांनी पाहिली आहेत त्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. ध्रुवपद पहिल्यांदा पूर्ण छापतात. पुढे प्रत्येक कडव्यानंतर केवळ ‘धृ’ एवढी खूण असते. गाणारा ती खूण पाहून मागचे ध्रुवपद म्हणतो. इस्रायलमधील अब्राहम लेम्पेल आणि याकोब झिव्ह यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचे तत्त्व असेच आहे. जो मजकूर पुन्हा येतो त्याच्या जागी ‘इतकी अक्षरे मागे जा आणि तेथून इतकी उतरून घे’ एवढीच सूचना लिहितात.

याला दुसऱ्या युक्तीची जोड मिळते. मोर्सच्या लिपीत वारंवार येणाऱ्या ‘ई’ या इंग्रजी अक्षरास केवळ एक टिंब दिलेले आहे. वारंवार येणाऱ्या चिन्हास आखूड आणि क्वचित येणाऱ्या चिन्हास लांब खूण द्यावी, हा विचार डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली गणिताच्या पक्क्या पायावर मांडला. या दोन्ही युक्त्या एकत्र करणारी ‘जीझिप’ पद्धत १९९२ साली प्रचारात आली. जीझिपने आवळलेल्या फाइलीच्या शेवटी एक पडताळा-अंकही असतो. सोडल्यावर तो जुळला नाही, तर वाटेत काहीतरी बिघडले हे कळते.

एका अक्षराचा घोटाळा

लिनक्सच्या आरंभीच्या काळात आवळलेल्या प्रतिमेचे नाव ‘झेड-इमेज’ असे होते. त्या वेळच्या वैयक्तिक संगणकांत सुरुवातीस स्मृतीचा तळाचा ६४० किलोबाइटांचा भागच सहज हाताशी असे, आणि ही प्रतिमा सुमारे ५१२ किलोबाइटांत बसवावी लागे. गाभा वाढत गेला, तशी ही जागा अपुरी पडू लागली. तेव्हा प्रतिमा एक मेगाबाइटाच्या वरच्या स्मृतीत ठेवण्याची सोय झाली आणि या नव्या प्रकारास ‘बीझेड-इमेज’ म्हणू लागले. पुढे ‘बीझिप-२’ नावाची आवळण्याची एक पद्धत आली आणि पुष्कळांचा समज झाला, की ‘बीझेड’ म्हणजे तीच. वस्तुतः येथील ‘बी’ म्हणजे ‘बिग’, अर्थात मोठी. नाव प्रतिमेच्या आकाराचे आहे, पद्धतीचे नव्हे.

पद्धती मात्र पुढे वाढल्या. २००९ साली बीझिप-२ आणि एलझेडएमए, त्यानंतर एलझेडओ, एक्सझेड, २०१३ साली एलझेड-४ आणि २०२० साली झेडस्टँडर्ड असे पर्याय गाभ्यात आले. इतके पर्याय कशासाठी, हे एका काल्पनिक हिशेबाने ध्यानात येईल. समजा, ३० मेगाबाइटांचा गाभा आवळून १० मेगाबाइटांचा झाला. साठवण सेकंदाला १० मेगाबाइट वाचते. न आवळलेला गाभा आणण्यास ३ सेकंद लागतील. आवळलेला १ सेकंदात येईल आणि सोडण्यास १ सेकंद लागला तरी १ सेकंद वाचेल. परंतु प्रोसेसर मंद असून सोडण्यासच ४ सेकंद लागले, तर एकूण ५ सेकंद होऊन उलट तोटा होईल. म्हणूनच एक्सझेड फार लहान वळकटी बांधते पण ती सोडण्यास वेळ घेते, आणि एलझेड-४ची वळकटी काहीशी मोठी असली तरी झटकन सुटते. दोन्हींना आपापले स्थान आहे.

वळकटी कोण सोडणार?

याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. बीझेड-इमेजच्या आत वळकटी सोडणारा एक छोटा प्रोग्रॅम न आवळता ठेवलेला असतो. स्मृतीत पोहोचताच तो उरलेला गाभा उलगडतो. चेन्नईच्या सी-डॅक संस्थेने डेबियनच्या आधारे तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली २००७ साली प्रथम बाहेर पडली. ती सामान्य वैयक्तिक संगणकांवर चालते. तेथे हे काम गाभा स्वतःच करतो.

शक्तीच्या रिस्क-फाइव्ह कुलात रूढ रीत निराळी आहे. लिनक्सच्या गाभ्यात या कुलास २०१८ साली, ४.१५ या आवृत्तीत स्थान मिळाले. तेथील साध्या ‘इमेज’ फाइलीत सोडणारा प्रोग्रॅम नसतो, आणि तिला जीझिपने आवळून ‘इमेज-जीझेड’ केल्यानेही तो येत नाही. वळकटी सोडण्याचे काम त्याआधी चालणाऱ्या बूट लोडरकडे जाते. ‘यू-बूट’ या प्रचलित लोडरमध्ये ही सोय आहे. मात्र आवळलेल्या फाइलीसाठी स्मृतीत कोणती मोकळी जागा घ्यावी आणि फाइलीचा आकार किती, हे त्यास आधी सांगावे लागते. लोडरला ती पद्धत येत नसेल आणि त्याने फाइलीचा प्रकार तपासलाही नाही, तर प्रोसेसर आवळलेल्या अक्षरांनाच आज्ञा समजून चालवू पाहतो. पडदा काळा राहतो आणि कारण सांगणारा संदेशही उमटत नाही. अशा वेळी नवा बांधणारा चिपवर, स्मृतीवर, स्वतःच्या कोडवर संशय घेत बसतो. दोष मात्र केवळ प्रकाराच्या निवडीत असतो.

सारांश, स्वतःचा गाभा बांधणाऱ्याने ‘वळकटी किती लहान झाली?’ याआधी ‘ती सोडणार कोण, आणि त्यास ती सोडता येते का?’ हा प्रश्न विचारावा. अनुभवी मंडळी नव्या यंत्रावर पहिल्या खेपेस न आवळलेली प्रतिमाच चालवून पाहतात आणि ती चालल्यावर मग आवळण्याकडे वळतात. आपल्या देशात चिप, लोडर आणि गाभा हे तिन्ही आता आपल्याच तरुणांच्या हातांखालून जाऊ लागले आहेत. अशा वेळी या लहानशा प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या कोणी आधीच देऊन ठेवलेले नसते. ते ज्याचे त्यानेच शोधावे लागते.